मुशीला हद्द असते का? एका प्रश्नाची सव्वाशे वर्षं

विरार स्टेशनवरून अर्नाळ्याची पहिली बस धरली की बोटी लागायच्या वेळेला आपण किनाऱ्यावर असतो. माझ्या पीएचडीचा पहिला सीझन असाच गेला. खांद्याला थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, छोट्या नळ्या, कात्री, चिमटा. किनाऱ्यावर बोंबील, मांदेली, कोळंबीच्या टोपल्या आणि कधीतरी एखाद्या टोपलीच्या तळाशी मुशी. आमच्याकडे कुणी मुशी म्हणतं, कुणी मोरी. पुस्तकातला शार्क तो हाच, फक्त इथे तो बहुतेकदा हातभर लांबीचा असतो आणि दुपारी त्याचं कालवण होतं.

एका सकाळी काळ्या टोकाच्या परांची एक लहान मुशी हातात होती. तिच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून मी नळीत टाकत होते. शेजारी उभे असलेले तांडेल काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, एवढं कापतेस तर एक सांग. ही मुशी आपली की गुजरातची?"

मी हसले. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर जो प्रश्न मी दहा ओळींत लिहिला होता, तोच त्यांनी पाच शब्दांत विचारला होता. आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट-नेटच्या तयारीत असाल, विषय शोधत असाल. म्हणून आज माझ्या विषयाचा इतिहास सांगते. पद्धती शिकवणारी पुस्तकं भरपूर आहेत. पण एखादी पद्धत नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते आणि कुठल्या प्रश्नाचं देत नाही, हे तिचा इतिहास पाहिल्याशिवाय नीट कळत नाही, असं मला आता वाटतं.

हा प्रश्न कुणाला पडतो?

आपल्या कायद्यात समुद्राच्या हद्दी स्पष्ट आहेत. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आहे, गुजरातचा कायदा वेगळा. पावसाळी बंदी, जाळ्याच्या आसाचं माप, बोटींचे परवाने, हे सगळं या चौकटीत बसवलेलं असतं.

मासा मात्र चौकट वाचत नाही. समजा अर्नाळ्याची मुशी आणि वेरावळची मुशी एकाच साठ्यातली आहे. मग अर्नाळ्याच्या लोकांनी लहान पिल्लं सोडून दिली आणि वेरावळला ती धरली गेली, तर इथल्या माणसाने सोसलेलं नुकसान वाया जातं. उलट दोन्ही साठे वेगळे असतील, तर अख्ख्या पश्चिम किनाऱ्याचा एकच आकडा बघून "सगळं ठीक आहे" म्हणणं धोक्याचं. एकीकडचा साठा संपत आलेला असतो आणि दुसरीकडच्या भरघोस आकड्याखाली ते झाकलं जातं.

मुशीच्या बाबतीत हे जास्त बोचतं, कारण तिची वीण थोडी असते. बोंबील-मांदेली हजारोंनी अंडी टाकतात. आपल्या किनाऱ्यावरची छोटी, चपट्या नाकाची मुशी (शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस) एका वेळी साधारण 6 ते 18 पिल्लं देते, तीही जिवंत. मोठ्या जातींना वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात. एकदा साठा खाली गेला की वर यायला माणसाची एक पिढी जाऊ शकते.

मणके मोजणारा माणूस

"साठा" ही कल्पना मुशीवरून आलेली नाही, ती आली हेरिंगवरून. युरोपात पूर्वी समजूत अशी की हेरिंगचा एकच अवाढव्य थवा दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून खाली येतो आणि प्रत्येक देशाला आपापला वाटा देत जातो. जर्मनीच्या फ्रीडरिश हाइन्के यांनी ठिकठिकाणचे हेरिंग आणून त्यांचे मणके मोजले, शरीराची मापं घेतली. 1898 मध्ये त्यांनी दाखवलं की हा एक थवा नाही. प्रत्येक समुद्रभागाची स्वतःची जमात आहे, तिची विणीची जागा आणि वेळ वेगळी आहे.

या एका गोष्टीने मत्स्यविज्ञानाचं गणित बदललं. "समुद्रात मासे किती?" याऐवजी "या साठ्यात मासे किती?" असं विचारायला सुरुवात झाली.

लांब पल्ल्याच्या शार्कना मात्र ही पद्धत पुरत नव्हती. मग बिल्ले आले. 1962 पासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर जॅक केसी यांनी हौशी गळवाल्यांच्या मदतीने शार्कना बिल्ले लावून सोडायला सुरुवात केली. अमेरिकेजवळ बिल्ला लावलेले निळे शार्क अटलांटिकच्या पलीकडे सापडू लागले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, हा एकच साठा.

इथे पेन्सिलने खूण करून ठेवा. बिल्ला सांगतो की मासा कुठे गेला. तिथे जाऊन त्याची वीण झाली की नाही, हे बिल्ला सांगत नाही. विरारची माणसं रोज चर्चगेटला जातात, म्हणून ती चर्चगेटची रहिवासी होत नाहीत.

मधल्या काळात मुंबईत

आपल्याकडे हे काम कुणी केलंच नाही, असा समज करून घेऊ नका. 1940 च्या दशकात मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यातले एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर मुंबईच्या पाण्यातल्या मुशी आणि पाकटांवर काम करत होते. तो युद्धाचा काळ होता. कॉड माशाच्या तेलाची आयात अडली होती आणि जीवनसत्त्वासाठी मुशीच्या यकृताच्या तेलाला एकदम मागणी आली होती. त्यामुळे मुशी सरकारच्या नजरेत भरली होती.

या दोघांनी मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या गाभण माद्या तपासल्या, पिल्लं मोजली, गर्भाची वाढ नोंदवली. त्यांचे लेख 1946 ते 1950 च्या सुमारास छापले गेले, त्यातले महत्त्वाचे 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम'मध्ये आहेत. स्कोलिओडॉनचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं आणि पिल्लू आईच्या वारेतून पोसलं जातं. शार्कच्या जगात ही विलक्षण गोष्ट आहे, आणि तिच्या अभ्यासातला एक मोठा टप्पा आपल्या दारातला आहे.

मी हे लेख वाचले तेव्हा एक गोष्ट शिकले. कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात, किती पिल्लं, हे कळल्याशिवाय साठ्याचा विचार सुरूच होत नाही. आज डीएनए हातात घेणाऱ्यालाही पहिल्यांदा हेच विचारावं लागतं: तुझा नमुना गाभण मादीचा, पिल्लाचा, की वाटसरू नराचा?

प्रथिनांपासून डीएनएपर्यंत

पुढचं पाऊल ऑस्ट्रेलियात पडलं आणि त्यालाही हद्दीचा वादच कारण होता. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात 1970 च्या दशकापासून तैवानच्या गिलनेट बोटी शार्क धरत होत्या. साठा एक की अनेक, हे ठरवल्याशिवाय किती धरू द्यायचं ते ठरेना. शेन लॅव्हरी आणि जेम्स शॅकली यांनी 1989 मध्ये दोन जातींच्या शार्कमधली प्रथिनं जेलवर पळवून तुलना केली. मोठ्या लांबीच्या किनाऱ्यावर फरक फारच थोडा निघाला.

1990 नंतर पीसीआरमुळे थेट डीएनए वाचणं सोपं झालं. सगळ्यांची भिस्त मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर होती. तो फक्त आईकडून मिळतो, म्हणून माद्यांची वंशरेषा दिसते. पण 1992 मध्ये अँड्र्यू मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक अडचण दाखवली. शार्कमध्ये हा डीएनए सस्तन प्राण्यांच्या तुलनेत सात-आठ पटींनी सावकाश बदलतो. म्हणजे हे घड्याळ हळू चालतं. दोन साठे अलीकडे वेगळे झाले असतील, तर घड्याळाचा काटा अजून हललेलाही नसेल.

माहेरी येणाऱ्या माद्या

2001 मध्ये एक मजेदार निकाल आला. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड इथल्या मोठ्या पांढऱ्या शार्कमध्ये आईकडून येणारा डीएनए स्पष्ट वेगळा होता. आईबाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएत मात्र तसा फरक दिसत नव्हता. पार्दिनी आणि सहकाऱ्यांनी अर्थ लावला की नर समुद्र ओलांडतात, माद्या आपल्या भागातच राहतात.

अर्थ अगदी नीट बसत होता. मग 2005 मध्ये 'सायन्स'मध्ये निकोल आली. निकोल ही उपग्रह-बिल्ला लावलेली पांढरी शार्क, आणि मादी. ती दक्षिण आफ्रिकेतून निघाली, 99 दिवसांत ऑस्ट्रेलियाला पोचली आणि नऊ महिन्यांच्या आत परत आफ्रिकेत दिसली. जाऊन-येऊन 20,000 किलोमीटरहून अधिक प्रवास.

मग माद्या फिरतात की नाही? फिरतात, पण बाळंतपणाला माहेरी येतात, असा नवा अर्थ निघाला. मराठी घरात हे कुणाला समजावून सांगायला नको! बहामातल्या बिमिनी बेटावरच्या लिंबू-शार्कमध्ये हे पुढे प्रत्यक्ष दिसलं. 1990 च्या दशकात तिथे जन्मलेल्या माद्या 14 ते 17 वर्षांनी त्याच खाजणात पिल्लं द्यायला परत आल्या, हे डीएनएवरून सिद्ध झालं.

पांढऱ्या शार्कची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. 2025 मध्ये संपूर्ण जीनोम वाचून हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला, तेव्हा माद्यांच्या या माहेरओढीनेही तो फरक पुरता समजावता येत नाही असं निघालं. चोवीस वर्षांत एकाच आकड्याची उत्तरं बदलत गेली. तुमच्या मुलाखतीत कुणी "हे तर आधीच सिद्ध झालंय ना?" असं विचारलं, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

हातोडा मुशी कायद्यात शिरते

हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं असतं, तर मी एवढं लिहिलं नसतं. हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीच्या (स्फिर्ना लेविनी) बाबतीत ते थेट कायद्यात उतरलं.

2006 मध्ये डंकन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या किनाऱ्यांवरच्या पिल्लांचे नमुने तपासले. सलग किनारा असेल तिथे माद्यांची ये-जा दिसली, खोल महासागर मध्ये आला की ती जवळजवळ तुटलेली. 2012 मध्ये डेली-एंगल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नर अधूनमधून महासागर ओलांडत असावेत. या पुराव्याच्या आधारावर अमेरिकेने 2014 मध्ये ही जात सहा वेगळ्या भागांत विभागली आणि त्यातल्या चार भागांना आपल्या संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली घेतलं. त्या कायद्यात आलेली ही पहिली शार्क.

दरम्यान 2009 मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी हाँगकाँगच्या बाजारातले याच जातीचे 62 पर तपासले. त्यातले 21 टक्के पश्चिम अटलांटिकमधून आलेले निघाले. सुकलेला पर कुठल्या समुद्रातला आहे, हे सांगता येऊ लागलं. 2013 मध्ये हातोडा मुशींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइटिस' कराराच्या नियंत्रणाखाली आला. माल पाठवणाऱ्या देशाला आता दाखवावं लागतं की या व्यापाराने साठ्याला धोका नाही. भारताने तर 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यातच थांबवली.

"साठ्याला धोका नाही." पण कुठल्या साठ्याला? अमेरिकेच्या त्या सहा भागांच्या नकाशात आपला किनारा ज्या तुकड्यात येतो, तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलिया-जपानच्या समुद्रापर्यंत पसरलेला आहे. अर्नाळा त्यात कुठे शोधायचं?

2015 मध्ये यूलिया स्पेट आणि सहकाऱ्यांनी अरबी द्वीपकल्पाभोवतीच्या चार जातींचा अभ्यास छापला. तांबडा समुद्र, ओमान, आखात. त्या भागात आजच्या घडीला जनुकांच्या देवाणघेवाणीला अडथळा दिसत नाही, असं निघालं. पण तिथली हातोडा मुशी हिंदी महासागरातल्या इतर ज्ञात साठ्यांपेक्षा वेगळी असण्याची शक्यताही दिसली. म्हणजे तो मोठा तुकडा एकसंध नसेल. त्या नमुन्यांत अरबी समुद्राची आपली बाजू नव्हती. माझ्या प्रबंधाचा पहिला परिच्छेद इथून सुरू होतो.

"फरक नाही" म्हणजे काय?

आता मुख्य मुद्दा. समजा मी अर्नाळा आणि वेरावळचे नमुने तपासले आणि डीएनएत फरक सापडला नाही. मग साठा एकच, असं म्हणायचं का?

स्यूअल राइट यांनी 1931 मध्ये मांडलेल्या गणितातून एक ढोबळ नियम निघाला. दोन गटांमध्ये पिढीला साधारण एक प्राणी जरी इकडून तिकडे जाऊन विणला, तरी जनुकीयदृष्ट्या ते गट फार दूर जात नाहीत. गट लहान असो वा मोठा. उलट दोन ठिकाणच्या संख्या एकमेकींबरोबर वर-खाली व्हायच्या असतील, तर ये-जा बरीच मोठी लागते. हेस्टिंग्ज यांनी 1993 मध्ये दाखवलेला अंदाज सुमारे दहा टक्क्यांचा आहे.

आकडे घालून बघा. एका साठ्यात 10,000 मुशी आहेत असं धरू. पिढीला दहा-वीस जणी पलीकडे गेल्या, तरी डीएनए म्हणेल "एकच घराणं". पण इथला साठा बोटींनी संपवला, तर तो भरून काढायला हजारभर लागतील. दहा-वीस आणि हजार यांच्या मधला हा जो करडा पट्टा आहे, त्यात डीएनए गप्प असतो आणि नियम करणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर हवं असतं. 2018 मध्ये बायल आणि सहकाऱ्यांनी निळ्या शार्कच्या बाबतीत हाच इशारा दिला: जगभर फरक दिसत नाही, पण याचा अर्थ जगभर एकच साठा आहे असा होईलच असं नाही.

तेव्हा तांडेल काकांच्या प्रश्नाचे दोन अर्थ होते. पहिला, या मुशींचं रक्त एक आहे का? दुसरा, इथली संपली तर तिथून भरून येईल का? आपण मोजतो पहिला आणि लोकांना हवा असतो दुसरा. आपल्या विषयातल्या कितीतरी चुका या दोन अर्थांची गल्लत केल्यामुळे होतात.

दुसऱ्या अर्थाकडे जाणारी एक वाट आता उघडली आहे. हजारो वर्षांचा फरक शोधण्याऐवजी आज जिवंत असलेल्या माशांमधले सख्खे-सावत्र भाऊबहीण आणि मायलेकरं शोधायची. नमुन्यात नातेवाईक किती वेळा सापडतात, यावरून साठा केवढा आहे याचा अंदाज येतो. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात या पद्धतीने पूर्वेकडच्या पांढऱ्या शार्कच्या साठ्यात सुमारे 750 प्रौढ असल्याचा अंदाज निघाला. अर्नाळ्याची मावशी वेरावळला आणि भाची अर्नाळ्याला सापडली, तर ती ये-जा एका-दोन पिढ्यांतली, म्हणजे आजची.

थोडं तुमच्यासाठी

माझ्या चुकांतून शिका. पहिल्या महिन्यात मी नळ्यांवर मार्करने नावं लिहिली. नळीत अल्कोहोल, झाकण सैल, बसचे धक्के. घरी आले तेव्हा 23 नळ्यांवर निळे डाग होते आणि अक्षर एकही नव्हतं. तेव्हापासून जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती नळीच्या आत टाकते.

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. एकाच बोटीवरून एकाच दिवशी आठ सारखी पिल्लं मिळाली, मी खुशीत आठही घेतली. माझ्या गाइडनी विचारलं, "एकाच आईची असतील तर?" एका वेताची आठ पिल्लं म्हणजे जवळजवळ एकाच घराचे आठ नमुने. ती अर्नाळ्याची म्हणून मोजली असती, तर अर्नाळा उगाचच वेगळं दिसलं असतं.

आणि परवानगी. काही मुशी आणि पाकटं वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांना हात लावण्याआधी कागद हातात हवा. जाळ्यात संरक्षित जात अडकली आणि मच्छीमाराने जाळं कापून ती सोडली, तर महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. किनाऱ्यावर जाताना हे माहीत असू द्या. माहिती घ्यायला जातो, तशी थोडी द्यायलाही जावं.

त्या तांडेल काकांना पुढच्या सीझनला मी उत्तर दिलं, जमेल तसं. म्हटलं, "काका, रक्ताने दोन्हीकडची बहुधा एकच निघेल. पण इथली संपली तर तिथून येऊन भरेल, हे मी आज सांगू शकत नाही. त्यासाठी तिकडचे नमुने लागतील."

ते म्हणाले, "मग इथे काय बसलीस? वेरावळला जा. पण जाताना तिथल्या तांडेलालाही विचार, तो मुशीला कुणाची म्हणतो."

जानेवारीत जाते आहे. डब्यात या वेळी पेन्सिली जास्त घेतल्या आहेत.